मधुमेह होण्याआधी : आहारतज्ज्ञ, विम्याचे कार्ड आणि आपली ज्येष्ठ मंडळी



आंबेगाव तालुक्यातल्या एका विहारात पौर्णिमेच्या सकाळी वंदनेआधी रक्तातली साखर तपासायची सोय केली होती. सगळ्यांना उपाशीपोटी यायला सांगितले होते. रांगेतल्या एका आजींचा आकडा आला ११८. मी म्हणाले, "आजी, तुम्हाला अजून शुगर नाही, पण उंबरठ्यावर आहात." आजींनी कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेले सत्तर वर्षांवरच्यांचे आयुष्मान कार्ड काढले. "ताई, मंग ह्या कार्डावर काय होईल का?" म्हटले, "आत्ता काही नाही. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर उपयोग." आजी हसल्या. "म्हंजी आजार झाल्यावर या, असंच ना?"

या लेखाचा विषय आजींच्या त्या प्रश्नातच आहे. आजार झाल्यावरचा खर्च विमा देतो, मग आजार होऊ नये म्हणून लागणारा सल्ला तो का देत नाही? जगात कुठे तो दिला जातो का? आणि जुन्नर-आंबेगावच्या ज्येष्ठांनी तोवर काय करायचे?

उंबरठा म्हणजे नेमके काय

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ती ठीक. १२६ किंवा त्याहून जास्त, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तशीच, तर मधुमेह. मधली १०० ते १२५ ही पूर्वमधुमेहाची पायरी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासले तर १४० ते १९९, आणि एचबीएवनसी या तपासणीत ५.७ ते ६.४ टक्के, हे आकडेही याच पायरीचे. बोटातल्या थेंबाची तपासणी फक्त चाळणीसाठी असते. तिच्यावरून कोणाला मधुमेही ठरवू नये, नसेतून रक्त घेऊन खात्री करावी. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. आपल्या भागात हे विशेष ध्यानात ठेवावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्या मधल्या पायरीवर आहेत. पायरीवरच्यांची संख्या आजाऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण पायरीवर आहोत हे ठाऊक नसते, कारण काही दुखत नाही.

आपल्याकडे अजून एक गैरसमज खोलवर रुजला आहे. साखर हा जाड, पैसेवाल्या माणसांचा आजार, आपण तर काटकुळे, मग आपल्याला कशी होईल? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांना आढळले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत त्यांचे स्नायू बारीक असतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते. वरून बारीक आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण मोठेपणीही राहते. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी कामे केली, त्यांच्या घरात पोटभर अन्न आणि बसून राहणे एकदम आले की साखर वाढते. काटकुळे असल्याने माणूस वाचतो असे नाही, फक्त आजार उशिरा कळतो.

घरी पंधरा मिनिटांत करता येईल असा एक हिशोब चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी तयार केला आहे. वय ५० च्या पुढे असेल तर ३० गुण. पोटाचा घेर बाईचा ८० ते ८९ सेंटिमीटर किंवा पुरुषाचा ९० ते ९९ असेल तर १० गुण, त्याहून जास्त असेल तर २०. कष्टाचे कामही नाही आणि नियमित व्यायामही नाही तर ३०, दोन्हीपैकी एकच असेल तर २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त झाली तर धोका मोठा. ६५ वर्षांच्या, शेतमजुरी सोडून घरी बसलेल्या, पोटाचा घेर ८४ असलेल्या आणि आई मधुमेही असलेल्या बाईंचे गुण ३० अधिक १० अधिक ३० अधिक १०, म्हणजे ८० होतात. कापड मापायची टेप आणि पेन्सिल एवढ्यावर हे काम होते. विहारात बसल्या बसल्या एकमेकांचे करता येईल.

कार्ड काय देते आणि काय देत नाही

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ही मोठी गोष्ट आहे, तिला नाके मुरडू नयेत. ज्यांनी शेत गहाण टाकून बायपास केल्या, त्यांना विचारा.

पण या योजनांचा पाया रुग्णालयात दाखल होणे हा आहे. मधुमेहाने पाय सडला आणि कापावा लागला, मूत्रपिंडे गेली आणि डायलिसिस लागले, हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर कार्ड कामाला येते. साखर ११८ असताना आहाराचा सल्ला घ्यायला, महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञांना भेटायला, ते कार्ड कामाला येत नाही. बाह्यरुग्ण तपासणी आणि सल्ला त्याच्या कक्षेत नाही. पाय कापायला पैसे आहेत, पाय वाचवायला नाहीत. योजना आखणाऱ्यांनी हे वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही. कर्जबाजारी करणारा खर्च रुग्णालयातलाच असतो, म्हणून आधी तो धरला. पण बारा वर्षांहून अधिक काळ गेला, आता पुढचे पाऊल मागायला हरकत नाही.

खासगी पॉलिसींचे चित्र थोडे बदलते आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून वयाच्या ६५ वर्षांची अट काढली, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणली. काही पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्चाची जोड असते, तीत आहारसल्लाही बसतो. पॉलिसी घेताना मुलांनी एजंटला एकच प्रश्न लेखी विचारावा : आहारतज्ज्ञांची फी यात मिळते का, आणि वर्षाला किती वेळा? पूर्वमधुमेह असल्याचे मात्र लपवू नये. लपवलेली गोष्ट पुढे दावा नाकारायला निमित्त होते. खरे सांगायचे तर मोलमजुरीतून उतारवयाला आलेल्या आपल्या बहुसंख्य ज्येष्ठांना या पॉलिसींचा हप्ता परवडत नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

अमेरिकेत विम्याने हे काम कसे अंगावर घेतले

१९९६ मध्ये अमेरिकेत २७ केंद्रांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. पूर्वमधुमेहाच्या पायरीवरच्या ३,२३४ जणांचे गट केले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी, एकाला नुसती दिखाऊ गोळी, आणि एका गटाला आहार-व्यायामाचा वर्ग. वजन ७ टक्क्यांनी कमी करायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालायचे, हे वर्गाचे उद्दिष्ट. पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ. शिकवणारे बहुतेक ठिकाणी आहारतज्ज्ञच होते. २००२ मध्ये निकाल छापून आला. गोळीने मधुमेहाचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, वर्गाने ५८ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्या माणसांत तर वर्गामुळे ७१ टक्के घट दिसली. "या वयात आता काय सवयी बदलणार" असे म्हणणाऱ्या सुनांनी आणि डॉक्टरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढे इंडियानापोलिस शहरात हाच वर्ग व्यायामशाळेतल्या प्रशिक्षित साध्या कर्मचाऱ्यांकडून घेऊन पाहिला आणि तोही चालला. खर्च बराच उतरला. मग एप्रिल २०१८ पासून मेडिकेअर या ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याने हा वर्ग आपल्या खर्चात धरला. ज्येष्ठाला एक पैसा द्यावा लागत नाही. पहिल्या सहा महिन्यांत १६ सत्रे, नंतर महिन्याला एक. वर्ग चालवणाऱ्या संस्थेला मिळणारे पैसे हजेरीशी आणि घटलेल्या वजनाशी जोडलेले आहेत.

यात आहारतज्ज्ञाची जागा कोणती, हा प्रश्न तिथेही गमतीचा झाला. वर्ग घ्यायला आहारतज्ज्ञच हवा अशी अट नाही. प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक चालतो. आणि आहारतज्ज्ञाच्या समोरासमोर सल्ल्याची वेगळी फी मेडिकेअर देतो ती मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार झाल्यावर. नुसता पूर्वमधुमेह असेल तर नाही. म्हणजे त्या श्रीमंत देशातही आजींचा प्रश्न निम्मा शिल्लक आहेच. आहारतज्ज्ञ तिथे कार्यक्रमाचे संयोजन करतात, मार्गदर्शकांना शिकवतात, काही जण स्वतः वर्ग घेतात, आणि ज्याचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे त्याला वेगळे काढून तपासतात. प्रत्यक्षात फार थोडे ज्येष्ठ या वर्गांना पोहोचले, अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. वर्ग चालवणाऱ्या संस्थाच पुरेशा नाहीत, ग्रामीण भागात तर फारच कमी. पैसा मंजूर झाला म्हणून सेवा दारात येत नाही, हे आपणही लिहून ठेवावे.

आपल्या देशातले पुरावे वेगळी गोष्ट सांगतात. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाचा पाठपुरावा केलेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना. आणि विशेष म्हणजे या गटाचे वजन फारसे घटलेच नव्हते. काटकुळ्या माणसासाठी ही महत्त्वाची बातमी आहे : वजन उतरवणे हा एकच रस्ता नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ जणांवर गावातल्याच स्वयंसेवकांच्या गटांतून असाच प्रयोग झाला, निकाल २०१८ मध्ये आला. तिथे मधुमेहात झालेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही, पण लोकांचे फळे-भाज्या खाणे वाढले आणि दारू कमी झाली. यावरून माझे मत असे बनले आहे की गावचा स्वयंसेवक हवाच, पण त्याच्या पाठीशी आहारतज्ज्ञ घट्ट उभा हवा. नुसते एक-दोन भाषण देऊन गेलेला तज्ज्ञ पुरत नाही.

आहारतज्ज्ञ म्हणजे यादी देणारा नव्हे

आपल्यापैकी अनेकांना आहारतज्ज्ञाचा अनुभव म्हणजे शहरातल्या दवाखान्यात मिळालेला छापील कागद. सकाळी ओट्स, अकराला पाच बदाम, दुपारी दोन फुलके, ब्रोकोली, संध्याकाळी ग्रीन टी. खाली "भात, बटाटा, केळी बंद". हा कागद घोडेगावच्या पलीकडे डिंभे धरणाच्या काठच्या वाडीत नेऊन काय करायचे? तिथे भात हेच पीक आणि भात हेच जेवण. रेशनवर माणशी पाच किलो धान्य येते, तेही मुख्यतः तांदूळ आणि गहू. असा कागद चुलीत जातो आणि माणूस स्वतःलाच दोष देतो की माझ्याच्याने पथ्य होत नाही.

चांगला आहारतज्ज्ञ आधी विचारतो. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्ले? स्वयंपाक कोण करते, आणि शेवटी कोण जेवते? दात किती शिल्लक आहेत? चहा किती वेळा? सांगायला सोपे वाटते, पण या प्रश्नांना अर्धा तास लागतो आणि डॉक्टरांच्या रांगेत तो मिळत नाही. फी द्यायची ती या अर्ध्या तासाची.

चहाचेच घ्या. नारायणगाव-मंचर पट्ट्यात पाहुणा आला की चहा, शेजारीण आली की चहा. पाच कप, कपाला दोन चमचे. चमचा साधारण ५ ग्रॅमचा. दिवसाला ५० ग्रॅम साखर, महिन्याला दीड किलो, एकट्या माणसाची. "आम्ही गुळाचा पितो" असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. आपल्या पट्ट्यात विघ्नहर आणि भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत, ऊस आपल्या अंगणात आहे. पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांच्यात भेद राहत नाही. आहारतज्ज्ञ चहा बंद करायला सांगत नाही. पहिल्या पंधरवड्यात दोन चमच्यांचा दीड, मग एक. जीभ महिन्याभरात सरावते.

भाकरीचेही तसेच. "बाजरी खाल्ली की साखर वाढत नाही" हे अर्धसत्य आहे. पीठ बाजरीचे असो, नाचणीचे वा गव्हाचे, १०० ग्रॅम पिठात साधारण ६० ते ८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. बाजरीत कोंडा असल्याने साखर सावकाश चढते हे खरे, पण परातीएवढ्या दोन भाकरी खाल्ल्या तर सावकाश का होईना, भरपूर चढते. नाचणीची पातळ आंबील तर पटकन चढते. म्हणून आहारतज्ज्ञ भाकरीचे पीठ एकदा वजनकाट्यावर घालून दाखवतो. आणि भात बंद न करता ताटाची मांडणी बदलतो : अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात भात किंवा भाकरी, पाव ताटात डाळ, उसळ, अंडे, मासळी यांपैकी काही. आधी भाजी आणि उसळ खाऊन मग भात घेतला तर साखरेची उसळी कमी येते.

यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. हुलग्याची शेंगोळी हा आपल्या जुन्नर-आंबेगावचा पदार्थ. हुलगा, मटकी, वाल यांत प्रथिने आहेत आणि साखर हळू चढवण्याचा गुण आहे. पण शेंगोळी भाकरीबरोबर आणि भाताबरोबर खायची नसते, शेंगोळी हेच जेवण. मासवडीत डाळीचे पीठ, तीळ, खोबरे. चांगली आहे, फक्त रश्श्यावर तेलाचा तवंग बोटभर नको. पावसाळ्यात पश्चिमेच्या डोंगरात टाकळा, कुर्डू, भारंगी फुकट मिळतात. सुकट आणि बोंबील हे गरिबांचे प्रथिन, त्यांना कमी लेखू नये, फक्त मीठ धुऊन काढावे. आपल्या घरांत मांसाहार चालतो, आणि पथ्याच्या कागदावर तो लिहायला काही तज्ज्ञ कचरतात. का कचरतात हे वाचकांना सांगायला नको. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि साखर जवळजवळ नाहीच.

ज्येष्ठांच्या बाबतीत आहारतज्ज्ञाची खरी परीक्षा इथे आहे. चाळिशीच्या माणसाला वजन उतरवा म्हणणे सोपे. सत्तरीच्या, ४२ किलो वजनाच्या आजीला तेच सांगितले तर चरबीऐवजी स्नायू जातील, पाय लटपटतील, पडून खुब्याचे हाड मोडेल. तिला कमी खा म्हणायचे नसते, तिचा भात थोडा कमी करून अंडे, डाळ, दही वाढवायचे असते. दात नसतील तर उसळ मऊ शिजवून किंवा पिठले करून. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनांचे माप डॉक्टरांना विचारून ठरवायचे. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, मुंग्या येतात आणि त्या साखरेमुळे आहेत असे वाटते. या गोष्टी छापील कागदावर मावत नाहीत.

चालण्याचेही असेच. "रोज पहाटे फिरायला जा" हा सल्ला जुन्नर वनविभागातल्या माणसाला द्यायच्या आधी बिबट्याचा विचार करावा लागतो. उसाच्या कडेने पहाटे किंवा दिवेलागणीला ज्येष्ठांनी एकटे फिरू नये. नऊ-दहा वाजता, उजेडात, चार जणींनी मिळून, किंवा विहाराच्या आवारात फेऱ्या. दिवसाला वीस-बावीस मिनिटे म्हणजे आठवड्याला दीडशे होतात. दर जेवणानंतर दहा मिनिटांच्या फेऱ्या घातल्या तरी चालते.

पगारी आठवण करून देणारा

संयुक्त निकायातल्या दोणपाक सुत्ताची आठवण इथे येते. कोसलचा राजा पसेनदी दोणभर भात खाऊन, धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी प्रमाणात खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने जवळच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि माझ्या जेवणाच्या वेळी रोज म्हणत जा, असे सांगितले. त्या कामाचे रोज शंभर कार्षापण मानधन ठरवले. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. मला या सुत्तात तीन गोष्टी दिसतात. सल्ला एकदाच देऊन थांबायचे नाही, तो जेवणाच्या वेळी रोज हवा. बदल हळूहळू. आणि आठवण करून देणाऱ्याला मोबदला हवा. अमेरिकेच्या विम्याला हे कळायला २०१८ उजाडले!

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. त्याच काळात डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला आणि औषध-आहाराकडे लक्ष ठेवणारी डॉक्टर घरातच आली. आपल्यापैकी कोणाच्या घरी डॉक्टर येऊन राहणार नाही. म्हणून ही सोय समाजाने आणि सरकारने मिळून करायची.

आपल्या दोन तालुक्यांत आज काय मिळू शकते

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत आहे. आशाताई एक फॉर्म भरतात, त्यात गुण ४ पेक्षा जास्त आले तर तपासणीला आधी पाठवतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांना फक्त गोळ्या देणारे समजू नका. आहाराची प्राथमिक माहिती देणे हे त्यांच्या कामातच आहे, तेव्हा विचारा. ई-संजीवनीवरून तिथूनच डॉक्टरांशी बोलता येते. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाच्या क्लिनिकच्या रचनेत समुपदेशक धरलेला आहे, त्याची चौकशी करा. आहारतज्ज्ञाचे पद मात्र मुख्यतः जिल्हा रुग्णालयात, म्हणजे पुण्याला औंधला. जुन्नरहून सुमारे ९० किलोमीटर. ११८ साखरेसाठी तिथे कोणी जाणार नाही, आणि जावे असे मीही म्हणणार नाही.

कार्डावर रुग्णालयात दाखल झालेल्यांनी मात्र एक संधी दवडू नये. पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण धरलेले असते, आणि मोठ्या रुग्णालयांत ते ठरवणारा आहारतज्ज्ञ असतो. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी सिस्टरला सांगून त्यांना भेटावे. "आमच्या घरी भात आणि बाजरी आहे, त्यातून ताट लावून द्या" असे स्पष्ट सांगावे. गुडघ्यासाठी किंवा मोतीबिंदूसाठी दाखल झालेल्या ज्येष्ठालाही हे विचारता येते. कार्डावर आहारतज्ज्ञ भेटण्याचा आज एवढाच रस्ता आहे.

दुसरे काम सामुदायिक आहे. आरोग्य मंदिराची जन आरोग्य समिती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती यांत गावचे प्रतिनिधी बसतात. महिन्यातून एक दिवस आहारतज्ज्ञ केंद्रात बसावा, किंवा ई-संजीवनीवर आहारतज्ज्ञाचा वार ठरावा, असा ठराव करून वर पाठवता येतो. ग्रामसभेतही मांडता येतो. विहारात वर्षावासाचे तीन महिने प्रवचनाला लोक आठवड्याला जमतातच. त्यातली बारा सत्रे अर्धा अर्धा तास या वर्गाला दिली तर अमेरिकेच्या १६ पाठांच्या जवळ आपण पोहोचतो. गावातली एक शिकलेली मुलगी वर्ग घेईल, आणि शहरातला आपलाच एखादा आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदा फोनवर तिच्या वह्या तपासेल. नर्सिंग, गृहविज्ञान शिकलेल्या आपल्या मुली आज कमी नाहीत. आणि त्या मुलीला मानधन द्या. धम्मदानातून द्या, पण द्या.

आहारतज्ज्ञ कोणाला म्हणायचे, हेही पाहून घ्यावे. आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदविका विचारावी. इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा दिलेली असेल तर उत्तम. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आता नियमन आले आहे. गावोगावी निघालेल्या पावडरच्या डब्यांच्या क्लबात बसणारे कोच आहारतज्ज्ञ नव्हेत. डबा विकण्यातून ज्याचे पोट भरते, तो तुमची शेंगोळी कशाला सुचवेल?

उपोसथ आणि गोळ्या

पौर्णिमेला अष्टशील घेणारे ज्येष्ठ दुपारनंतर जेवत नाहीत. पूर्वमधुमेह असेल आणि गोळी नसेल तर यात सहसा धोका नाही. मधुमेह असून नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तरी धोका कमी. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि रात्रीचे जेवण टळले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, बडबड, बेशुद्धी. म्हातारपणात ही लक्षणे "चक्कर आली" म्हणून सोडून दिली जातात आणि रात्री झोपेतच प्रकरण हाताबाहेर जाते. म्हणून उपोसथाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी. आपल्या मनाने गोळी गाळू नये आणि मनाने घेऊही नये. डॉक्टर नको म्हणाले तर पंचशील पाळून वेळेवर जेवावे.

लक्षणे दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडली तर पुन्हा द्यावी, नंतर जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालय. शील मोडेल अशी भीती कोणी घालू नये. विनयात तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही पाच भेसज्जे आजारी भिक्खूंना अवेळीही घेण्याची मुभा आहे.

खीरदानाच्या दिवशी खीर वाटीत द्यावी, द्रोण भरून नको. तिच्यासोबत उसळ ठेवावी. आणि येत्या पौर्णिमेला विहारात येताना मापाची टेप घेऊन या.